जॅक्सन हाइट्समधला जुना टू-बेडरूम को-ऑप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जॅक्सन हाइट्स नावाची वस्ती आहे. तिथल्या शंभरीला टेकलेल्या एका को-ऑप, म्हणजे सहकारी तत्त्वावरच्या इमारतीत आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनहून जेवायला येणारे मित्र, डोंबिवलीची मावशी, ऑफिसात नुकताच रुजू झालेला पुण्याचा मुलगा, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. मधली तीन वर्षं मी इमारतीच्या बोर्डावर, म्हणजे कारभार बघणाऱ्या समितीवर होतो, त्यामुळे घर घेणाऱ्यांच्या मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो. हा कायदेशीर सल्ला समजू नका. न्यूयॉर्कमध्ये घर घेताना वकील करायचीच रीत आहे, त्याला त्याची फी द्या.

प्रीवॉर म्हणजे कुठल्या वॉरच्या आधीचं?

दुसऱ्या महायुद्धाच्या. इथल्या जाहिरातीत हा शब्द दिसला की साधारण १९०० ते १९४० या काळातली विटांची इमारत समजायची. दादर-माटुंग्याच्या हिंदू कॉलनी, पारशी कॉलनीतल्या जुन्या इमारती पाहिल्या असतील तर वयाचा अंदाज येईल.

आत शिरल्यावर फरक लगेच कळतो. छत उंच असतं. जमिनीवर ओकचं लाकूड, बहुधा कडेने गडद पट्टी बसवलेलं. भिंती प्लास्टरच्या आणि जाड, शेजारच्या खोलीतला फोन ऐकू येत नाही. दार उघडल्यावर थेट हॉल लागत नाही, आधी एक फॉयर, म्हणजे प्रवेशाची छोटी खोली लागते. चपला काढायला, छत्री ठेवायला, निघता निघता अर्धा तास गप्पा मारायला ही जागा किती उपयोगी आहे हे मराठी माणसाला सांगायला नको. अमेरिकन नवे फ्लॅट हिला वाया गेलेली जागा मानतात.

उणीही भरपूर आहेत. स्वयंपाकघर अरुंद, बाथरूम बहुतेक एकच, कपाटं भरपूर पण उथळ, आणि प्लगपॉइंट अशा जागी की ते बसवणाऱ्याने आयुष्यात फक्त एक टेबललॅम्प लावला असावा.

एवढ्या न्यूयॉर्कात जॅक्सन हाइट्सच का?

आमचं उत्तर सोपं आहे. मॅनहॅटनमध्ये परवडलं नाही आणि न्यू जर्सीत गाडीशिवाय जगता आलं नसतं. पण ही वस्ती मुळातच अशा लोकांसाठी बांधली गेली, हे मला नंतर कळलं.

१९०९ साली ईस्ट नदीवरचा क्वीन्सबरो पूल खुला झाला. त्याच सुमारास एडवर्ड मॅकडूगल यांच्या क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने इथली शेतजमीन घ्यायला सुरुवात केली. १९१७ साली रूझवेल्ट ॲव्हेन्यूच्या डोक्यावरून धावणारी रेल्वे इथपर्यंत आली, तीच आजची सेव्हन ट्रेन. मॅनहॅटनमध्ये नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गाला भुईशी चिकटलेली अंधारी भाड्याची घरं सोडून उजेड, वारा आणि झाडं द्यायची, अशी कल्पना होती. त्यासाठी त्यांनी इमारती रस्त्याच्या कडेने उभ्या केल्या आणि ब्लॉकचा मधला भाग बागेसाठी मोकळा सोडला. आपल्या वाड्याचा चौक एका अख्ख्या ब्लॉकएवढा ताणला तर काय होईल, ते इथे दिसतं. लिंडन कोर्ट, द शॅटो, द टॉवर्स ही त्यातली नावाजलेली संकुलं. अँड्र्यू थॉमस आणि जॉर्ज वेल्स या वास्तुविशारदांनी यातली बरीच कामं केली. थॉमस यांचं डनॉली गार्डन्स १९३९ सालचं, या प्रकारातलं शेवटचं मोठं काम.

या गोष्टीची दुसरी बाजू जाहिरातीत येत नाही. ही घरं सगळ्यांसाठी नव्हती. ज्यू आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना इथे घर मिळत नसे, आणि तो गुपचूप चालणारा प्रकार नव्हता, विक्रीच्या धोरणाचाच भाग होता. वंशावर आधारित असे करार न्यायालयांनी अमलात आणायचे नाहीत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. भेदभाव त्यानंतरही मुरलेला राहिला. १९६५च्या स्थलांतर कायद्याने आशियातून येणाऱ्यांसाठी दारं उघडली, लॅटिन अमेरिकेतूनही लोक येत गेले, आणि आज याच बागांच्या कडेने कोलंबियन, बांगलादेशी, तिबेटी, नेपाळी, मेक्सिकन माणसं राहतात. ज्या फॉयरमध्ये आमचा देव्हारा आहे, तिथे १९२५ साली आम्हाला कुणी पाऊल ठेवू दिलं नसतं.

जाता जाता एक गंमत. स्क्रॅबल हा खेळ शोधणारे आल्फ्रेड बट्स इथेच राहायचे. ३५वी ॲव्हेन्यू आणि ८१वा रस्ता यांच्या कोपऱ्यावरच्या पाटीवर प्रत्येक अक्षराखाली त्याचे गुण लिहिलेले आहेत.

को-ऑप म्हणजे आपली सोसायटीच ना?

जवळपास. पण हा ‘जवळपास’ नीट समजून घ्या, कारण बाकीची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

महाराष्ट्रात आज आपण ज्याला सोसायटी म्हणतो, तिथे बहुतेकांच्या डोक्यात ‘फ्लॅट माझा, जिना सोसायटीचा’ असा हिशेब असतो. न्यूयॉर्कच्या को-ऑपमध्ये जमीन, इमारत, जिना, बॉयलर आणि तुमची बेडरूमसुद्धा एका कंपनीच्या मालकीची असते. तुम्ही त्या कंपनीचे शेअर्स घेता, आणि शेअर्सच्या जोरावर कंपनी तुम्हाला त्या फ्लॅटचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा देते, ज्याला इथे प्रोप्रायटरी लीज म्हणतात. म्हणजे तुम्हीच मालक आणि तुम्हीच भाडेकरू.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी १९१५ साली रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने स्थापन झाली, तीही अशाच प्रकारची होती. जागा आणि इमारत संस्थेची, सभासदाकडे शेअर्स आणि राहण्याचा हक्क. ब्रुकलिनच्या सनसेट पार्कमध्ये फिनलंडहून आलेल्या कामगारांनी ‘अल्कू’ नावाची सहकारी इमारत बांधली ती १९१६ची, आणि जॅक्सन हाइट्समध्ये घरं या पद्धतीने विकायला सुरुवात झाली ती पहिलं महायुद्ध संपल्यावर. त्यामुळे इथले म्हातारे शेजारी ‘ही आमची खास न्यूयॉर्कची पद्धत’ म्हणू लागले की मी गावदेवीचं नाव घेतो. त्यांना पटत नाही, पण कॉफी पाजतात.

मग फ्लॅट माझा नाहीच?

कागदावर नाही. सातबारा, इंडेक्स टू असलं काही तुमच्या नावावर निघणार नाही. हातात येतं ते शेअर सर्टिफिकेट, आणि कर्ज काढलं असेल तर तेही बँकेच्या तिजोरीत. कायद्याच्या दृष्टीने हे शेअर्स स्थावर मालमत्ता नाहीत. त्याचा एक फायदा घेताना होतो. कोंडोमिनियमसाठी (म्हणजे कोंडो, जिथे फ्लॅट तुमच्याच नावावर होतो) ५ लाख डॉलर किंवा त्याहून मोठं कर्ज काढलं तर घेणाऱ्याला कर्जाच्या १.९२५ टक्के गहाणनोंदणी कर भरावा लागतो. को-ऑपच्या कर्जाला तो लागू नाही. बँक घरावर गहाणखत करत नाही, तुमच्या शेअर्सवर बोजा चढवते.

तोटा असा की कंपनीचं देणं थकलं तर तुमचे शेअर्सही धोक्यात येतात. माझा हप्ता वेळेवर, मला काय त्याचं, असं इथे म्हणता येत नाही.

मेंटेनन्स महिन्याला हजार-बाराशे डॉलर? लिफ्टला सोन्याचं दार आहे का?

मावशीचा प्रश्न. आमच्या लिफ्टचं दार हाताने ओढावं लागतं, मावशी.

या रकमेत इमारतीचा मालमत्ता कर असतो, आणि न्यूयॉर्कमध्ये तो लहान नसतो. हिवाळ्यातली उष्णता, गरम पाणी, विमा, सुपर आणि पोर्टरचे पगार, बागेचा माळी, दुरुस्त्या हे सगळं त्यातूनच निघतं. शिवाय बऱ्याच इमारतींवर कंपनीचं स्वतःचं एक मोठं कर्ज असतं, त्याचा हप्ताही. पोर्टर म्हणजे झाडलोट करणारा, आणि सुपर म्हणजे इमारतीतच राहणारा देखरेख्या. त्याचा नंबर बायकोच्या नंबराआधी पाठ करावा.

वाटणी शेअर्सवर होते. समजा तुमच्याकडे ४८० शेअर्स आहेत आणि बोर्डाने दर शेअरला अडीच डॉलर ठरवले, तर महिन्याला १,२०० डॉलर. पुढच्या वर्षी दर दहा सेंटने वाढला तर ४८ डॉलर जास्त. मोठा फ्लॅट, वरचा मजला, बागेकडे तोंड, यांना पूर्वीच कधीतरी जास्त शेअर्स वाटले गेले असतात आणि ते आकडे आता बदलत नाहीत. कंपनीने भरलेला मालमत्ता कर आणि कर्जावरचं व्याज यातला तुमचा वाटा आयकरात दाखवता येतो. त्याचं पत्र इमारतीकडून दरवर्षी येतं, ते फेकू नका.

आणि मेंटेनन्स कमी आहे म्हणून हुरळून जाऊ नका. माझ्या अनुभवात फार कमी मेंटेनन्स म्हणजे एखादं छत गळतंय आणि कुणी बघत नाहीये.

बोर्डाची मुलाखत खरंच एवढी अवघड असते?

मुलाखत सोपी असते. तिच्याआधीचं बाड अवघड असतं.

दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, बँकेची स्टेटमेंट्स, पगाराचा दाखला, मालमत्तेचा तपशीलवार तक्ता, सध्याच्या घरमालकाचं पत्र, आणि तीन-चार परिचितांची शिफारसपत्रं. आपल्याकडे स्थळ बघताना जेवढी चौकशी होते तेवढी इथे घर बघताना होते, फक्त पत्रिका मागत नाहीत. बोर्डाला मुख्यतः दोन गोष्टी बघायच्या असतात. तुमच्या उत्पन्नातला किती हिस्सा कर्ज आणि मेंटेनन्समध्ये जाईल, आणि व्यवहार झाल्यावर तुमच्या खात्यात किती महिन्यांचा खर्च शिल्लक राहील. हे आकडे प्रत्येक इमारतीचे वेगळे. दलालाला घर बघायच्या आधी विचारा, प्रेमात पडल्यावर नको.

शिफारसपत्राबद्दल एक सल्ला. आमच्या एका जिवलग मित्राने प्रेमाने लिहिलं की मी तबला फार सुरेख वाजवतो. मुलाखत पंचवीस मिनिटं चालली, त्यातली वीस मिनिटं तबल्यावर. किती वाजता, किती वेळ, खाली कोण राहतं. खाली राहणाऱ्या आजीबाई बोर्डावरच होत्या. शेवटी मी रियाझाची वेळ सांगून मोकळा झालो, आणि ती आजतागायत पाळतोय.

मुलाखतीत कमी बोला. शेजाऱ्यांना शांत माणूस हवा असतो, हुशार नको. स्वयंपाकघर पाडायचा बेत असेल तर तो त्या दिवशी जाहीर करू नका.

बोर्डाने नकार दिला तर कारण विचारता येतं?

विचारता येतं, उत्तर बहुधा मिळत नाही. आजवरची रीत नकाराचं कारण न देण्याचीच आहे. मला या पद्धतीतली ही सर्वात वाईट गोष्ट वाटते, आणि बोर्डावर असतानाही मी तसं बोललो होतो. वंश, धर्म, वर्ण, मूळ देश, लिंग, अपंगत्व, मुलंबाळं असणं या कारणांवरून नाकारणं बेकायदेशीर आहे. न्यूयॉर्क शहराच्या मानवी हक्क कायद्यात नागरिकत्व आणि स्थलांतराची स्थितीही त्या यादीत आहे. पण जिथे कारणच सांगत नाहीत तिथे ते सिद्ध कसं करायचं?

आपल्याकडेही हे आहेच. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा नियम मान्य केला होता. मुंबईत आडनाव आणि ताट विचारून घर नाकारलं गेल्याचे किस्से कुणाकडे नाहीत? न्यूयॉर्कच्या बोर्डाला शिव्या देताना मी ते आठवतो.

मी एच-वन-बी व्हिसावर आहे. थोडे पैसे बाबा भारतातून पाठवणार आहेत. चालेल?

चालू शकतं, पण तयारी लवकर करा. व्हिसापेक्षा बोर्डाला आणि बँकेला पैशाचा माग हवा असतो. गेल्या काही महिन्यांत खात्यात अचानक मोठी रक्कम आली की ती कुठून आली हे कागदाने दाखवावं लागतं.

भारतात राहणारी व्यक्ती रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या उदारीकृत योजनेखाली (एलआरएस) एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवू शकते. पुण्याचा फ्लॅट विकून पैसे येणार असतील तर विक्रीचा करारही हाताशी ठेवा. पैसे भेट म्हणून येत असतील तर परतफेड नाही असं लिहिलेलं बाबांचं पत्र लागतं. परदेशी व्यक्तींकडून वर्षभरात १ लाख डॉलरपेक्षा जास्त भेट मिळाली तर अमेरिकेच्या आयकर खात्याला ३५२० क्रमांकाचा फॉर्म द्यावा लागतो. त्यावर कर नसतो, पण फॉर्म न देण्याचा दंड जबर असतो. काही इमारतींना आईवडिलांनी दिलेल्या पैशातून घेतलेलं घर मुळात नको असतं. ते आधी विचारून घ्या.

किमतीशिवाय अजून किती पैसे लागतात?

डाउनपेमेंट बहुतेक इमारती किमान २० किंवा २५ टक्के मागतात, बँक कमीला तयार असली तरी. करार करताना साधारण १० टक्के विकणाऱ्याच्या वकिलाच्या एस्क्रो खात्यात, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे राखून ठेवायच्या खात्यात जातात. त्यावर दोन्हीकडचे छोटे-मोठे खर्च. किंमत १० लाख डॉलर किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याला किमान १ टक्का जादा कर लागतो, त्याला मॅन्शन टॅक्स म्हणतात. दोन बेडरूम आणि एका बाथरूमला मॅन्शन म्हणायचं धाडस फक्त कर खात्यातच असतं. त्यामुळे ९,९९,००० किंमत लावलेली घरं बरीच दिसतील.

अनेक इमारतींत विकताना ‘फ्लिप टॅक्स’ नावाची रक्कम इमारतीच्या तिजोरीत जाते. नावात टॅक्स असला तरी सरकारचा त्याच्याशी संबंध नाही. बहुधा विकणारा भरतो. घेताना ती नावडती असते, दहा वर्षं राहिल्यावर तिचा आपल्याला फायदाच झाला हे कळतं.

फ्लॅट आवडला. आता काय बघू?

फ्लॅट बघणं थांबवा आणि कंपनी बघा. तुम्ही शेअर्स घेताय, मग ताळेबंद वाचल्याशिवाय कसे घेता? शेअरबाजारात दोन हजारांचे शेअर्स घेताना आपण चार मित्रांना विचारतो आणि इथे ओकच्या जमिनीवर भाळून सही करतो.

वकिलाला इमारतीचे दोन-तीन वर्षांचे हिशेब आणि बोर्डाच्या सभांची इतिवृत्तं वाचायला सांगा. इतिवृत्तं वाचायला मिळाली तर स्वतःही वाचा, त्यासारखं मनोरंजन नाही. एकाच मजल्यावर पाणी गळण्याचा उल्लेख चार सभांत आला असेल तर त्या ओळीतला, म्हणजे एकावर एक असलेल्या त्या फ्लॅटांपैकी, फ्लॅट घेऊ नका. राखीव निधी किती आहे? कंपनीच्या कर्जाची मुदत कधी संपते? व्याजदर चढलेले असताना ते नव्याने घ्यावं लागलं तर मेंटेनन्स वाढणार. इमारतीखालची जमीन कंपनीची आहे की दुसऱ्याकडून भाड्याने घेतलेली? भाड्याची असेल तर मी तरी पुढे जाणार नाही. किती फ्लॅट अजून मूळ मालकाकडे, म्हणजे ज्याला इथे स्पॉन्सर म्हणतात त्याच्याकडे आहेत? कुणाचे हप्ते थकलेत? छत किंवा बॉयलर बदलायचा असला आणि निधी नसला तर बोर्ड ‘असेसमेंट’ लावतं, म्हणजे प्रत्येकाकडून जादा वर्गणी, आणि ती टाळता येत नाही.

जॅक्सन हाइट्सला एक सुप्त फायदा आहे. शहराच्या नियमाप्रमाणे सहा मजल्यांपेक्षा उंच इमारतींच्या दर्शनी भिंतींची दर पाच वर्षांनी तपासणी करून दुरुस्ती करावी लागते. तो खर्च बोर्डाच्या तोंडचं पाणी पळवतो. इथल्या पुष्कळ बागवाल्या इमारती सहा किंवा कमी मजल्यांच्या आहेत, त्या सुटतात. पण २५,००० चौरस फुटांपेक्षा मोठ्या इमारतींच्या कार्बन उत्सर्जनावर २०२४पासून मर्यादा आली आहे आणि २०३०पासून ती आणखी आवळली जाईल. तुमची इमारत त्यात येत असेल तर तेलावर किंवा गॅसवर चालणाऱ्या जुन्या बॉयलरचं काय करणार आहात, हा प्रश्न नक्की विचारा. उत्तर देताना बोर्डाचा अध्यक्ष छताकडे बघू लागला तर समजून जा.

ऐतिहासिक वस्ती म्हणजे खिडकीसुद्धा बदलता येत नाही?

बदलता येते, परवानगीने. १९९३ साली शहराच्या लँडमार्क्स प्रिझर्व्हेशन कमिशनने या वस्तीचा मोठा भाग ऐतिहासिक म्हणून जाहीर केला, साधारण ७६व्या ते ८८व्या रस्त्यापर्यंतचा. तेव्हापासून बाहेरून दिसणारं काहीही बदलायचं तर कमिशनचा परवाना लागतो. आतल्या भिंतीला कुठलाही रंग द्या, कुणी विचारणार नाही. खिडकीत नुसता ठेवायचा एसीही चालतो, पण त्यासाठी विटांची भिंत फोडायची तर परवाना.

खिडक्यांचा अर्ज तुमच्या नावावर जात नाही, कारण इमारत कंपनीची. सही कंपनीची लागते. म्हणजे आधी बोर्ड, मग कमिशन. आम्ही बेडरूमच्या तीन खिडक्या बदलल्या त्याला आठ महिने गेले. रस्त्यावरून बघितलं तर काही बदललंय असं वाटतच नाही, आणि तेच अपेक्षित आहे.

किचन मोठं करायचंय. भिंत पाडू का?

आधी ‘अल्टरेशन ॲग्रीमेंट’ वाचा. तुमच्या ठेकेदाराचा विमा, कामाचे तास, अनामत रक्कम, इमारतीच्या अभियंत्याची फी, सगळं त्यात असतं. १ एप्रिल १९८७च्या आधी बांधलेल्या इमारतीत पाडापाडीचा परवाना काढायचा तर ॲस्बेस्टॉसची तपासणीही लागते. ओल्या जागेखाली ओली जागा हा दंडक बहुतेक बोर्डं कडक पाळतात. खालच्यांच्या झोपायच्या खोलीवर तुमचं सिंक येता कामा नये.

आणि वाफेच्या उभ्या पाइपाला हात लावू नका. मॅनहॅटनच्या वन फिफ्थ ॲव्हेन्यू या अशाच जुन्या को-ऑपमध्ये एका सभासदाने किचन मोठं करताना तो पाइप सरकवला. बोर्डाने काम थांबवलं, आणि प्रकरण राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयात गेलं. १९९०च्या त्या निकालात न्यायालय म्हणालं की बोर्ड इमारतीच्या हितासाठी, आपल्या अधिकारात आणि प्रामाणिकपणे वागलं असेल तर आम्ही त्यात पडणार नाही. आजही प्रत्येक को-ऑप वकील त्याच निकालाचा हवाला देतो. एका पाइपाने सगळ्या शहराचा कायदा ठरवला.

फोडणीचं विचाराल तर, बऱ्याच जुन्या किचनमध्ये धूर बाहेर नेणारी नळी नसते, चिमणी हवा गाळून परत आतच सोडते. खिडकी असलेलं किचन बघून घ्या. गॅसचा वास आल्याची तक्रार झाली तर अख्ख्या ओळीचा गॅस बंद होतो आणि पाइपांची चाचणी, परवाने होईपर्यंत सुरू होत नाही. आमची ओळ सात महिने बंद होती. त्या होळीच्या पुरणपोळ्या इंडक्शनवर झाल्या, आणि चांगल्या झाल्या, हे मी आईला सांगितलेलं नाही.

वॉशिंग मशीन लावता येईल?

बहुतेक नाही. जुने सांडपाण्याचे पाइप साबणाचा फेस खालच्यांच्या सिंकमधून वर काढतात. तळघरात लाँड्री असते. रविवारी सकाळी जाऊ नका.

रेडिएटर रात्री कुणीतरी हातोडा मारल्यासारखा वाजतो. भूत आहे का?

पाणी आहे. इथल्या अनेक इमारतींत एकाच पाइपाने वाफ वर येते आणि थंड होऊन झालेलं पाणी त्याच पाइपाने खाली जातं. रेडिएटर व्हॉल्व्हच्या बाजूला किंचित उतरता असायला हवा. शंभर वर्षांत जमीन खचली की पाणी आत साचतं, त्यावर वाफ आपटते आणि ठणाणा होतो. लांबच्या पायाखाली लाकडाची पातळ पाचर सारली की अनेकदा थांबतो. व्हॉल्व्ह एकतर पूर्ण उघडा ठेवा किंवा पूर्ण बंद, अर्धवट कधीच नको. फुसफुसणारी छोटी शिट्टी म्हणजे हवा सोडणारा झडप. तो अडकला तर रेडिएटर गार राहतो. हार्डवेअरच्या दुकानात नवा मिळतो.

१ ऑक्टोबर ते ३१ मेपर्यंत दिवसा बाहेर ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं की घरात किमान ६८ अंश आणि रात्री किमान ६२ अंश असलंच पाहिजे, असा शहराचा नियम आहे. प्रत्यक्षात अडचण उलटीच होते. जानेवारीत बाहेर बर्फ आणि आम्ही खिडकी उघडून बनियनवर. १९१८च्या फ्लूच्या साथीनंतर खिडक्या उघड्या ठेवूनही घर तापावं म्हणून बॉयलर मुद्दाम मोठे बसवले, असं जुने कारागीर सांगतात.

लहान मूल आहे. जुन्या रंगातल्या शिशाचं काय?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. न्यूयॉर्क शहराने घरांत शिशाच्या रंगावर १९६० साली बंदी घातली, म्हणजे प्रीवॉर घरात खालच्या थरांत तो आहे असंच धरून चाला. साबूत रंगापेक्षा पोपडे आणि धूळ घातक. खिडकीची चौकट वर-खाली घासते तिथे सर्वात जास्त. विकत घेताना तपासणी करून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे, तो वापरा. स्वतः सँडपेपर मारू नका. १० वर्षांपर्यंतचं मूल घरात असेल तर खिडक्यांना जाळ्या बसवणं इमारतीवर बंधनकारक आहे.

दोन वर्षांसाठी भारतात गेलो तर भाड्याने देता येईल?

बोर्डाच्या मर्जीने. पहिली काही वर्षं स्वतः राहायचं, मग ठरावीक वर्षंच भाड्याने द्यायचं, असे नियम असतात. गुंतवणूक म्हणून घर हवं असेल तर कोंडो बघा, को-ऑपच्या वाटेला जाऊ नका.

मधली बाग आपल्याला वापरता येते का? गणपतीत आरती केली तर?

बागेत बसता येतं, बाकीचं इमारतीवर अवलंबून. काही ठिकाणी मुलांना खेळता येतं, काही ठिकाणी हिरवळीवर पाऊलही ठेवायचं नाही. बाहेरच्यांना ती दिसतही नाही. जूनमध्ये जॅक्सन हाइट्स ब्यूटिफिकेशन ग्रुप बागांची सहल काढतो, तेव्हा पाहून घ्या. घर घ्यायच्या आधी त्या सहलीला जा, इतर कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त कळेल.

आमचा गणपती घरात असतो, आरती आठला, टाळ्या आणि एकच झांज. लाकडी जमिनीचा ८० टक्के भाग गालिच्याने झाका असा नियम बहुतेक इमारतींत असतो, तो आरतीच्या दिवशी उपयोगी पडतो. खालच्या आजीबाई उकडीचे मोदक घ्यायला वर येतात. पहिल्या वर्षी त्या तक्रार करायला आल्या होत्या.

भाजी-किराण्याचं काय? आणि ट्रेनचा आवाज?

७४व्या रस्त्यावर कढीपत्ता, कोकम, ज्वारीचं पीठ, दिवाळीच्या पणत्या, सगळं मिळतं. त्या रस्त्याला २००४ साली कल्पना चावलांचं नाव दिलं. गंमत म्हणजे तो ऐतिहासिक पट्ट्याच्या जेमतेम बाहेर आहे. मला विचाराल तर वस्तीचा खरा इतिहास तिथेही तेवढाच घडतो. स्टेशनवर सेव्हन, ई, एफ, एम आणि आर अशा पाच गाड्या मिळतात. ३४वी ॲव्हेन्यू २०२०पासून दिवसाचे बरेच तास गाड्यांना बंद असते, आमची संध्याकाळ तिथेच जाते.

रूझवेल्ट ॲव्हेन्यूला लागून घर घेतलंत तर सेव्हन ट्रेन तुमच्या झोपेत येईल. दोन ब्लॉक आत या, बागेकडची बाजू घ्या. लाग्वार्डिया विमानतळ जवळ आहे, विमानं डोक्यावरून जातात, त्याला इलाज नाही.

बघायला कधी यावं?

दलाल मे महिन्यात रविवारी दुपारी बोलावेल, बाग फुललेली असते. तेव्हा या, पण परत एकदा जानेवारीत, कामाच्या दिवशी रात्री आठनंतर या. रेडिएटर ऐका, वरच्या मजल्यावरची पावलं ऐका, नळाला गरम पाणी यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. तळघरात जा, बॉयलरची खोली किती स्वच्छ आहे ते पाहा. मग लॉबीतल्या नोटीस बोर्डासमोर पाच मिनिटं उभे राहा आणि तिथे काय काय चिकटवलंय ते सगळं वाचा. आमच्या बोर्डावर या आठवड्यात तीन कागद आहेत : शुक्रवारी दहा ते चार गरम पाणी बंद, चौथ्या मजल्यावर कुणाची तरी मांजर सापडली आहे, आणि सायकली जिन्याखाली ठेवू नका. तिसऱ्या कागदावर कुणीतरी पेनाने लिहिलंय, ‘मग ठेवायच्या कुठे?’